विंडोज ११ टाकल्यावर पीसी रखडतोय? या चुका टाळा

विंडोज १०चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि घरोघरच्या जुन्या पीसींवर विंडोज ११ चढलं. माझ्या मावशीच्या पीसीवर ते मीच टाकून दिलं. दुसऱ्याच दिवशी फोन. "अरे, काय घालून ठेवलंयस? बटण दाबून चहा करून आले तरी गोल फिरतंच आहे!"

पहिली चूक इथेच होते, पहिल्या दिवशीच निकाल देण्याची. अपग्रेडनंतर विंडोजची मागे बरीच कामं चाललेली असतात. सर्चसाठी फाइलींची यादी नव्याने बनते, डिफेंडर (विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस) सगळं तपासतो, वनड्राइव्ह फोटो इंटरनेटवर चढवत बसतो, स्टोअरमधली ॲप्स अपडेट होतात. स्लीप बंद करून पीसी एक रात्र चालू ठेवा आणि सकाळी 'रीस्टार्ट' करा. 'शट डाउन' नको. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउनमध्ये विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तोच परत उचलला जातो. म्हणजे रोज रात्री इमानदारीत बंद केलेला पीसीही खऱ्या अर्थाने बंद झालेलाच नसतो. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूच्या आलेखाखाली 'अप टाइम' लिहिलेला असतो. पुढे काही आठवड्यांनी पाहिला, तेव्हा मावशीचा १९ दिवस निघाला.

रीस्टार्टने थोडा फरक पडला, पण थोडाच. तोवर मावसभावाने 'पीसी बूस्टर' नावाचं काहीतरी उतरवून ठेवलं होतं. ही चूक सगळ्यात महाग. असले क्लीनर, बूस्टर आणि ड्रायव्हर (पीसीचे सुटे भाग चालवणारी सॉफ्टवेअर) अपडेटर 'हजारभर दोष सापडले' म्हणून घाबरवतात, स्वतःच स्टार्टअपमध्ये ठाण मांडतात आणि दुरुस्तीचे पैसे मागतात. रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही, साफ केल्याने पीसी पळायला लागला, असं मी तरी एकदाही पाहिलेलं नाही. बिघडलेला मात्र पाहिलाय. व्हिडिओ बघून विंडोज अपडेट आणि डिफेंडर बंद करणं हाही त्याच जातीचा उद्योग.

काहीही काढण्या-घालण्याआधी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात सीपीयू, मेमरी (म्हणजे रॅम) आणि डिस्क हे तीन रकाने बघा. मावशीकडे सीपीयू १२ टक्के, मेमरी ८८ आणि डिस्क १००. गंमत म्हणजे डिस्क शंभर टक्के व्यग्र, पण प्रत्यक्ष वाचन सेकंदाला दोन-तीन एमबी! ते १०० टक्के वेगाचे नसतात, डिस्क किती वेळ कामात अडकली आहे त्याचे असतात. फिरत्या हार्ड डिस्कला फाइलींचे विखुरलेले तुकडे शोधायला वाचणारं हेड इकडून तिकडे न्यावं लागतं, त्यामुळे असे तुकडे तिला सेकंदाला शंभर-सव्वाशेच्या आसपासच वाचता येतात. एसएसडी म्हणजे चिपवर साठवणारी डिस्क; तिच्यात फिरणारं काही नसतंच, तिथे हाच आकडा हजारोंत जातो.

मेमरीच्या ८८ कडेही दुर्लक्ष नको. विंडोज ११ला किमान ४ जीबी रॅम लागते. मावशीकडे तेवढीच होती, म्हणजे जेमतेम चालण्यापुरती. त्यावर क्रोमचे पाच-सहा टॅब उघडले की रॅम भरते आणि उरलेला पसारा विंडोज डिस्कवर टाकतं. डिस्क मुळात हळू, त्यात हे जास्तीचं ओझं. अशा वेळी दोष डिस्कचा दिसतो, निम्मं दुखणं रॅमचं असतं.

याउलट डिस्क-मेमरी शांत आणि नुसतं स्क्रोल करतानाही स्क्रीन झटके खात असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'डिस्प्ले अडॅप्टर्स' उघडा. तिथे 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' लिहिलेलं दिसलं, तर ग्राफिक्सचा खरा ड्रायव्हर बसलेलाच नाही. तो पीसी किंवा ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरूनच घ्या.

सी ड्राइव्ह भरलेला दिसला म्हणून 'विंडोज डॉट ओल्ड' फोल्डर घाईने उडवू नका. त्याच्याच जोरावर पहिले १० दिवस जुन्या विंडोजवर परतता येतं; नंतर विंडोज तो स्वतःच काढून टाकतं.

मावशीच्या पीसीला शेवटी अडीच इंची साटा (जुन्या पीसीतही बसणाऱ्या जोडणीची) एसएसडी आणि ४ जीबीची आणखी एक रॅम लावली. एसएसडीवर कोरं विंडोज टाकलं आणि जुनी डिस्क नुसत्या साठवणीसाठी आत राहू दिली. चहाच्या हिशोबात सांगायचं तर आता आधण ठेवेपर्यंत डेस्कटॉप समोर येतो.

त्या जुन्या डिस्कला फॉरमॅट मारायची घाई केली नाही, हे नशीब. तीन आठवड्यांनी मावशीने विचारलं, "सोसायटीच्या हिशोबाची ती एक्सेल कुठे गेली?" ती जुन्या डेस्कटॉपवर होती, 'न्यू फोल्डर ४' मध्ये.