बोटीच्या बॅटरीसाठी केबल किती जाड घ्यावी?

आधी अंतर मोजा, तेही जाऊन-येऊन. इथेच बहुतेक जण चुकतात: फक्त पॉझिटिव्हची लांबी धरतात आणि केबल निम्म्या जाडीची येते.

समजा, १२ व्होल्टवर नांगराची मोटर ८० अँपिअर घेते आणि बॅटरीपासून ६ मीटरवर आहे. एकूण लांबी १२ मीटर. व्होल्टेज ३ टक्के, म्हणजे ०.३६ व्होल्टच पडू द्यायचं.

०.०१७५ (१ मीटर लांब, १ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेचा रोध, ओहममध्ये) × १२ × ८० ÷ ०.३६ = ४६.७ चौरस मिलिमीटर

म्हणून ५० चौरस मिलिमीटरची केबल घ्या; खालचा साइज नको. तांबं कलई केलेलं, बारीक तारांचंच हवं. साध्या तांब्यात खारी हवा शिरली की तार आतून काळी पडते, जोड तापतो. फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हजवळच बसवा, केबलच्या क्षमतेपेक्षा मोठा नको.