अंगठ्याचं हाड बाहेर आलंय? ऑपरेशन ठरवायच्या आधी हे वाचा

पायाच्या अंगठ्याजवळ आलेल्या टेंगळाला डॉक्टर "बनियन" म्हणाले तेव्हा आमची आई म्हणाली, माझ्या पायाचा आणि गंजीचा काय संबंध. गेल्या वर्षी तिच्या उजव्या पायाचं ऑपरेशन केलं, त्यात जे कळलं ते लिहितो.

पहिलं म्हणजे तिथं नवीन हाड वाढलेलं नसतंय. अंगठ्यामागचं लांब हाड एका बाजूला सरकतं, अंगठा दुसऱ्या बोटावर कलतो आणि मधला सांधा टेंगळासारखा बाहेर दिसतो. म्हणून "नुसतं टेंगूळ घासून काढा" म्हणू नका, मागचं हाड वाकडंच राहिलं तर ते बहुतेक परत येतं. आणि फक्त दिसायला वाईट दिसतंय म्हणून तर ऑपरेशन अजिबात करू नका. दुखत नसेल तर पुढनं रुंद चप्पल-बूट घ्या, कोल्हापूरच्या चप्पल लाइनीत नवी कोल्हापुरी घेताना अंगठा सैल करून मागा. बोटांत घालायचं सिलिकॉन लावलं की घासणं कमी होतं, पण त्यानं हाड सरळ होत नाही, जाहिरातीत काहीही सांगू देत.

एक्स-रे उभं राहूनच काढायचा. झोपून काढला तर पायावर वजन नसतं, मग वाकडेपणा आहे त्यापेक्षा कमी दिसतो. अंगठ्याचा कल साधारण 15 अंशांच्या आत असेल तर नॉर्मल, 40 च्या वर म्हणजे लय झालं.

आता प्रकार. वाकडेपण कमी किंवा मध्यम असेल तर शेवरॉन, म्हणजे सांध्याजवळ इंग्रजी व्ही सारखा काप देऊन हाड सरकवायचं आणि स्क्रू मारायचा. जरा जास्त असेल तर स्कार्फ, त्यात लांब हाडाला झेड सारखा काप. यांच्या जोडीला बऱ्याचदा एकिन करतात, अंगठ्याच्या हाडातनं बारीक पाचर काढून तो सरळ करायचा. खूप वाकडं असेल किंवा लांब हाडाच्या मागच्या टोकाचा सांधा ढिला असेल तर लॅपिडस, त्यात तो मागचा सांधाच जोडून टाकतात. अंगठ्याचा सांधाच झिजला असेल तर तो जोडतात, दुखणं थांबतं पण अंगठा तिथं वाकत नाही. घरी भारतीय संडास असेल, जमिनीवर उकिडवं बसायची सवय असेल तर हे आधीच डॉक्टरांना सांगा, नंतर सांगून काय उपयोग. बारीक छिद्रातनं करतात त्यातपण हाड कापतातच, टाके कमी म्हणून ते किरकोळ समजू नका.

टाके साधारण 2 आठवड्यांनी काढतात, खास बूट घालून टाचेवर चालणं 6 आठवडे, लॅपिडसला अजून जास्त सांभाळायला लागतं. सूज 6 महिनेसुद्धा राहते, आम्ही तर घाबरलोच होतो. उजवा पाय असेल तर मोटारसायकलचा नाहीतर कारचा ब्रेक नीट दाबता येईस्तोवर गाडी विसरा. सिगरेट, तंबाखू, मिश्री आधीच बंद, हाड जुळायला त्रास होतो (आईला पायापेक्षा मिश्रीचंच जास्त दुखलं). शुगर असेल तर ती आटोक्यात आणूनच तारीख घ्या. नंतर पोटरी अचानक सुजून दुखली किंवा दम लागला तर वाट न बघता दवाखाना गाठा.

डॉक्टरांना सरळ विचारा, माझा कल किती अंश, हाच प्रकार का, परत यायची शक्यता किती, शेजारच्या बोटाखाली दुखेल का, अंगठा बधिर राहील का. आईचा थोडा बधिर आहे अजून. डावा पाय करायला मात्र ती तयार नाही, म्हणते तो दुखत नाही ना, मग राहू दे की.