कांस्य घाटाचं एकरंगी चिनी पोर्सेलीन: पारखताना या चुका टाळा

शांग आणि झोऊ या प्राचीन चिनी राजवंशांच्या काळातल्या कांस्य भांड्यांचे घाट चीनमधल्या जिंगदेझेन या पोर्सेलीनच्या शहरातल्या कारागिरांनी पोर्सेलीनमध्ये उतरवले. योंगझेंग (१७२३–१७३५) आणि चिएनलोंग (१७३६–१७९५) या सम्राटांच्या काळातली म्हणून अशी एकरंगी भांडी समोर आली, की लोक आधी रंग बघतात, मग बुडावरचा शिक्का. शिक्क्यावरून काळ ठरवणं ही पहिली चूक. जुन्या सम्राटांचे शिक्के पुढच्या पिढ्यांनी सर्रास वापरले आहेत.

बघायला सुरुवात कानांपासून करा. हू, म्हणजे जुन्या कांस्य मद्यपात्राच्या घाटाच्या फुलदाणीला मानेजवळ दोन कान असतात. कांस्यात ते भक्कम होतात. पोर्सेलीनमध्ये मात्र वेगळे घडवून पातळ मातीने चिकटवतात, म्हणून मार बसला की आधी तेच निखळतात. त्यातून झिलई एकरंगी. नक्षी जुळवायची नसल्याने रंगाचा फवारा मारला की डागडुजी झाकली जाते. अंधाऱ्या खोलीत ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च फिरवा. रंगवलेला भाग बहुधा वेगळा चमकतो. काही नवे रंग चमकत नाहीत, म्हणून दहापट भिंगही लावा. झिलईच्या पोटात हवेचे बारीक बुडबुडे असतात. कानाच्या मुळाशी ते एकदम दिसेनासे झाले, तर वर रंगाचा थर आहे.

भेग दिसली म्हणून भांडं लगेच नाकारू नका. फांगहू, म्हणजे चौकोनी हू, तुकडे जोडून घडवतात, त्यामुळे कोपऱ्यात भट्टीतच भेग पडू शकते. तिच्या कडांवरून झिलई आत ओघळलेली असते. नंतरच्या तड्याच्या कडा धारदार, आत मळ.

चहाच्या चुऱ्यासारख्या लोहयुक्त झिलईत पिवळट-हिरवे कण झिलईतच तयार झालेले स्फटिक असतात. ते वरून शिंपडल्यासारखे दिसले, तर शंका घ्या. अस्सल नमुन्यांवर डोळा बसवायला मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातला टाटा संग्रह जरूर बघा; त्यात चिनी पोर्सेलीन आहे.

काठावर धातूची पट्टी असेल, तर तिच्याखाली टवके किंवा घासून आखूड केलेली मान असू शकते. बुडाला भोक असेल, तर भांड्याचा कधीतरी दिवा केलेला असावा.

साफ करताना ब्लीच नको, पाण्यात बुडवणंही नको. जुना गोंद सुटतो, आणि बारीक तड्यांच्या झिलईत मळकं पाणी मुरून डाग पडतात. ऊर्ध्वपातित पाण्यात कापसाचा बोळा ओला करून, पिळून, हलकेच पुसा. उचलताना एक हात बुडाखाली, दुसरा पोटाला. कानाला धरून कधीच नाही.