कमानीवर मराठी मजकूर मावत नाही तेव्हा

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात डिझाइनचे काम शिकू लागलेल्यांच्या हाती गणेशोत्सव मंडळाचे गोल बोधचिन्ह आणि स्वागत कमानीचा फ्लेक्स ही दोन कामे लवकरच येतात, आणि दोन्हींत मजकूर वळणावर बसवावा लागतो. टाईप ऑन पाथ, म्हणजे मजकूर वळणदार रेषेवर (मार्गावर) चढवणारे साधन, कसे वापरायचे हे तुम्हांला ठाऊक आहे असे धरले आहे. या कामात मला ज्या जागेने सर्वांत जास्त छळले आणि आजही जिथे हात थबकतो, त्या जागेबद्दलच सविस्तर लिहीत आहे.

इलस्ट्रेटर या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर रेषेपेक्षा लांब झाला की उरलेली अक्षरे दिसेनाशी होतात आणि शेवटच्या ब्रॅकेटजवळच्या (मजकुराची हद्द दाखवणाऱ्या उभ्या खुणेजवळच्या) चौकोनात लाल अधिकचिन्ह उमटते. इंकस्केप या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तेही उमटत नाही. रेषा संपली की अक्षरे संपतात. धोका असा की, कापली गेलेली ओळ पुष्कळदा पूर्णच वाटते. ‘सार्वजनिक गणेशोत्सव मंडळ, शहापूर, बेळगाव’ यातील शेवटचा शब्द गळाला तरी उरलेला मजकूर धडधाकट दिसतो. त्यात फाइल छपाईसाठी आउटलाइन केली, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून टाकले, तर लपलेली अक्षरे कायमची जातात आणि त्यांच्याबरोबर लाल चिन्हही जाते, म्हणजे पुढे कोणी तपासायचे म्हटले तरी तपासायला काही उरत नाही. म्हणून आउटलाइन करण्याआधी मूळ मजकूर शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहा आणि आउटलाइन न केलेली प्रत नेहमी वेगळी जपा. यात आळस करू नका. गिऱ्हाईक फ्लेक्स उलगडते तेव्हा कोणतीही सबब चालत नाही.

लाल चिन्ह दिसले म्हणून घाबरण्याचे मात्र कारण नाही. पुष्कळदा रेषा पुरेशी लांब असते, फक्त ब्रॅकेट मध्येच अडलेले असते. ब्रॅकेटची उभी रेघ धरून ओढा. तिच्यावरच्या छोट्या चौकोनावर क्लिक करू नका, कारण त्याने मजकूर दुसऱ्या चौकटीला जोडण्याची क्रिया सुरू होते. शिकवणारी व्यक्ती तुमच्या हातातून माउस घेऊन हे क्षणात करून दाखवत असेल, तर तिला आदराने थांबवा आणि नेमके काय धरले ते विचारा. हात न धरता शब्दांत सांगू शकणारा गुरूच या धंद्यात उपयोगी पडतो, असे माझे ठाम मत आहे.

ब्रॅकेट टोकाला नेऊनही मजकूर मावला नाही, तर बहुतेक जण ट्रॅकिंग, म्हणजे अक्षरांमधले अंतर, कमी करतात. इंग्रजीत ते खपते. देवनागरीत अक्षरे एकमेकांवर चढतात, काने आणि वेलांट्या शेजारच्या अक्षरात घुसतात. अक्षरे आडवी चेपणे त्याहून वाईट. मराठीत उपाय तीनच: रेषा लांबवा, अक्षर लहान करा किंवा मजकूर कमी करून घ्या. त्यासाठी आधी ओळ सरळ टाईप करून तिची लांबी मोजा. ती ४०० मिमी असेल आणि अर्धवर्तुळ हवे असेल, तर ४०० भागिले ३.१४, म्हणजे सुमारे १२७ मिमी त्रिज्या ही किमान मर्यादा झाली. मी १४० धरेन, म्हणजे कमान ४४० मिमी होते आणि दोन्ही टोकांना २० मिमी मोकळे राहतात.

आता शिरोरेखा. अक्षराचा तळ रेषेवर आणि शिरोरेखा त्याच्या २० मिमी वर असेल, तर पूर्ण अर्धवर्तुळ भरणाऱ्या ओळीत वरची कमान खालच्या कमानीपेक्षा सुमारे ६३ मिमी लांब होते. वीस अक्षरांच्या ओळीत प्रत्येक जोडावर ३ मिमीची फट पडते. त्रिज्या वाढवून ही एकूण वाढ कमी होत नाही, कारण ती अक्षराच्या उंचीवर आणि कमानीच्या कोनावर ठरते. पाव वर्तुळाची उथळ कमान घेतली तर ती निम्मी होते. दुसरा उपाय म्हणजे बेसलाइन शिफ्टने (अक्षरे रेषेच्या वर-खाली सरकवणाऱ्या सोयीने) अक्षरे खाली उतरवून शिरोरेखाच मार्गावर आणणे. मग फटी मिटतात, फक्त तळाशी अक्षरे दाटतात आणि उकार एकमेकांना भिडतात का ते पाहावे लागते. आर्क वार्पने, म्हणजे अख्खी ओळ कमानीसारखी वाकवणाऱ्या इफेक्टने, शिरोरेखा अखंड वळते हे खरे, पण अक्षरांचे माथे फाकतात. मोठ्या ठळक मथळ्याला तो चालेल, लग्नपत्रिकेवरील नावांना नाही.

कर्नाटकात व्यावसायिक पाट्यांवर ६० टक्के कन्नड बंधनकारक करणारी कायदेदुरुस्ती २०२४ मध्ये झाली. त्यामुळे दुभाषिक पाटीवर मराठीच्या वाट्याला आखूड कमान येते आणि मजकूर मावण्याचा प्रश्न अधिक वेळा उभा राहतो. कन्नडला सलग शिरोरेखा नसल्याने तिथे फटींचा त्रास कमी, पण अक्षराखाली लटकणारी ओत्तक्षरे बरीच खाली उतरतात. गोल बोधचिन्हात कन्नड ओळ खालच्या कमानीत आली, तर ती ओत्तक्षरे बाहेरच्या कडेला टेकतात. तेव्हा तिथला मार्ग कडेपासून थोडा आत घ्या आणि त्यानंतरच दोन्ही ओळींचा अक्षर-आकार ठरवा.