सिडनीच्या समुद्रात उतरायचं कसं? आणि शार्कचं काय?

डिसेंबर लागला की सिडनीतल्या मराठी घरांत पाहुणे यायला सुरुवात होते. कुणाचे आई-बाबा, कुणाचे सासू-सासरे. पहिला आठवडा झोपेचं गणित जमवण्यात जातो, दुसऱ्या आठवड्यात बीच. गाडी लावून टॉवेल खांद्यावर टाकला की हमखास प्रश्न येतो, "इथे शार्क असतात ना गं?"

असतात. माझे बाबा मालवणचे, त्यांना मात्र हा प्रश्न पडला नाही. गुडघाभर पाण्यात उभं राहून ते म्हणाले, "गो, आमी मोरी खातव. मोरी आमका खाणा नाय." मोरी म्हणजे शार्कच. त्यांच्या किनाऱ्यापुरतं ते खरंच आहे. बाजारात येणारी मोरी बहुतेक लहान असते, माशांवर जगते. तरी फेब्रुवारी २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यात मनोरजवळ, वैतरणेच्या पाण्यात, एका तरुण मच्छीमाराच्या पायाचा शार्कने लचका तोडला होता. तो बुल शार्क असल्याचं सांगितलं गेलं. खाडीत, अगदी गोड्या पाण्यातही शिरणारी ही जात. तीच दर उन्हाळ्यात सिडनी हार्बरमध्येही येते.

शार्कच्या ५०० हून जास्त जाती आहेत. माणसाला गंभीर चावा घेणाऱ्यांत नावं येतात ती मुख्यतः तीन: पांढरा शार्क, बुल शार्क, टायगर शार्क. डिवचलं नसताना झालेले चावे २०२४ साली साऱ्या जगात मिळून ४७ नोंदले गेले. ऑस्ट्रेलियात जुलै २०२३ ते जून २०२४ या एका वर्षात बुडून मेलेली माणसं होती ३२३. म्हणून खालच्या पायऱ्यांत शार्कइतकीच पाण्याची ओढही, म्हणजे पोहणाऱ्याला आत समुद्रात खेचणारा प्रवाह, येईल. मला विचाराल तर नव्या माणसाने आधी ओढीला घाबरावं.

१. घरूनच फोनवर बघा

'शार्कस्मार्ट' हे न्यू साउथ वेल्स सरकारचं ॲप उतरवून घ्या. इथे शार्क पकडून, त्यांना टॅग लावून परत सोडतात. ठरावीक किनाऱ्यांवर पाण्यात पिवळे बोये आहेत. टॅगवाला शार्क साधारण ५०० मीटरच्या आत आला की बोया संदेश पाठवतो आणि तो लगेच ॲपवर दिसतो. मेख एवढीच, की टॅग नसलेला शार्क बोयाला दिसत नाही. ॲप शांत आहे म्हणजे पाणी रिकामं आहे, असं धरून चालू नका.

'बीचसेफ' हे दुसरं ॲप. कोणत्या बीचवर आज जीवरक्षक आहेत आणि किती वाजेपर्यंत, ते त्यात कळतं. जीवरक्षक नसलेल्या बीचवर पाहुण्यांना नेऊ नका, फोटो कितीही छान येत असले तरी.

२. वेळ आणि पाऊस

पहाट, तिन्हीसांजा आणि रात्र या वेळा टाळा. शार्क तेव्हा शिकारीला जास्त सक्रिय असतात, आणि अंधुक उजेडात तुम्हालाही काही दिसत नाही. सकाळी दहाचं ऊन त्वचेला वाईट, पण जीवरक्षक हजर असतात आणि पाण्याचा तळ दिसतो. टोपी घाला, क्रीम लावा, दहालाच जा.

पावसानंतरचं पाणी तर आमच्याकडच्या पाहुण्यांना समजावून सांगावंच लागतं. जोराच्या पावसाने नाले-नद्यांमधून गाळ, कचरा, मेलेले मासे असं सगळं समुद्रात येतं. पाणी चहासारखं होतं. बुल शार्कला असं गढूळ पाणी चांगलं चालतं, कारण तो केवळ डोळ्यांवर शिकार करत नाही. वास आहे, कंपनं टिपणारी, अंगाच्या बाजूने जाणारी रेषा आहे, आणि नाकाडावर बारीक छिद्रं आहेत, ज्यांतून त्याला जिवंत प्राण्याच्या शरीरातली अगदी क्षीण वीजसुद्धा जाणवते. गढूळ पाण्यात आंधळे होतो ते आपण. पाऊस पडून गेल्यावर उघड्या समुद्रात एक दिवस आणि हार्बर-खाडीत तीन दिवस पोहू नका, असं इथे आरोग्याच्या दृष्टीने सांगितलं जातं, सांडपाण्यामुळे. तोच नियम शार्कसाठीही पाळला की एका दगडात दोन पक्षी. हार्बरमध्ये मी तर आठवडाभर जात नाही.

हार्बरबद्दल आणखी एक. बुल शार्क तिथे साधारण उन्हाळा ते शरद ऋतू मुक्कामाला असतात आणि पाणी २० अंशांच्या आसपास उतरलं की उत्तरेला क्वीन्सलंडकडे निघतात. म्हणजे पाणी पोहायला सगळ्यात सुखाचं असतं, नेमका तोच त्यांचाही हंगाम. हार्बरमध्ये पोहायचंच असेल तर चारी बाजूंनी जाळी असलेली जागा निवडा. नीलसन पार्कला उन्हाळ्यात अशी जाळी असते. त्या किनाऱ्याचं नाव शार्क बीच आहे, ते पाहुण्यांना आधी सांगायचं की नंतर, हे तुम्ही ठरवा.

३. उतरण्याआधी दहा मिनिटं नुसतं बघा

पोरं पाण्याकडे पळतात, त्यांना धरून ठेवा. वाळूवर उभं राहून बघायचं ते हे:

पक्षी एकाच जागी पाण्यात सूर मारतायत का? खाली बारक्या माशांची झुंड आहे. पाण्यात काळसर, सरकणारा डाग दिसतोय? तीच झुंड. तिच्यामागे सामन हे मोठे मासे येतात, सामनच्या मागे शार्क येऊ शकतात. डॉल्फिन दिसले म्हणजे शार्क नाहीत, असं कुणीतरी सांगेलच. विश्वास ठेवू नका. दोघं एकाच झुंडीवर जेवतात.

कुणी गळ टाकून बसलंय का? मासे साफ करून आतडी पाण्यात टाकतायत का? तिथून लांब. नदीचं मुख, नाल्याचं तोंड, वाळूच्या दोन उंचवट्यांमधला खोल पट्टा यांपासूनही लांब.

त्याच दहा मिनिटांत ओढही शोधा. दोन्ही बाजूंना पांढऱ्या लाटा फुटतायत आणि मध्येच एक शांत, गडद पट्टा आहे, तिथे बहुतेक वेळा पाणी परत आत खेचलं जात असतं. अनोळखी माणूस नेमका तिथेच उतरतो, कारण ती जागा निवांत वाटते. ओढीत सापडलात तर तिच्याविरुद्ध किनाऱ्याकडे हातपाय मारू नका. तरंगत राहा, हात वर करा, मदत येऊ द्या. अंगात दम असेल तर आडवं, किनाऱ्याला समांतर पोहा.

४. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्ये

दोन लाल-पिवळे झेंडे रोवलेले असतात, पोहायचं फक्त त्यांच्या मधल्या पट्ट्यात. जीवरक्षकांची नजर तिथे असते, बऱ्याच बीचवर उन्हाळ्यात वरून ड्रोनही फिरतं. चार जणांच्या जवळ राहा, एकटं खोलात जाऊ नका. चकाकणारे दागिने काढून ठेवा, कारण ऊन पडलेलं पैंजण पाण्याखाली माशाच्या खवल्यासारखं लखलखतं. मंगळसूत्रही काढा. त्याचं कारण शार्क नाही, लाट. आमच्या ओळखीत दोन गेली आहेत.

जाळ्यांबद्दल मोठा गैरसमज आहे. न्यूकॅसल ते वुलनगाँगपर्यंत ५१ बीचवर शार्कची जाळी लावतात, १९३७ पासूनची ही पद्धत. ऐकून वाटतं, समुद्राला कुंपण घातलंय. प्रत्यक्षात एक जाळं १५० मीटर लांब आणि ६ मीटर उंच असतं, खोल पाण्यात तळाशी सोडलेलं. बीच त्याच्या कितीतरी पट लांब. शार्क त्याच्या वरून, बाजूने आरामात जातो. जाळ्यात कासवं, डॉल्फिनही अडकून मरतात, म्हणून इथे त्यावर कायम वाद चालू असतो. तुमच्यापुरतं एवढं लक्षात ठेवा: 'जाळी आहे' या भरवशावर संध्याकाळी सातला उतरू नका.

५. भोंगा वाजला तर

दोन वर्षांपूर्वी आम्ही 'डी व्हाय' बीचवर होतो. बाबा कमरेएवढ्या पाण्यात, मी थोडी पुढे. अचानक भोंगा झाला. टॉवरवर लाल-पांढरा चौकटींचा झेंडा चढला. मला वाटलं, आता चेंगराचेंगरी. तसं काहीच नाही. लोक बोलत बोलत, पोरांचे हात धरून बाहेर चालत आले, जणू शाळा सुटली. रबरी बोट एक चक्कर मारून आली. काही तासांनी झेंडे परत लागले. बाबा टॉवेल गुंडाळून म्हणाले, "हेंची शिस्त बरी हा."

तेवढंच करायचं. चौकटींचा झेंडा म्हणजे पाण्याबाहेर या. धावू नका, ओरडू नका, व्हिडिओ काढायला थांबू नका. ज्यांना ऐकू कमी येतं अशा आपल्या माणसांना हाताने धरून आणा.

६. समोर दिसलाच तर

पहिली गोष्ट, त्याच्यावरची नजर हटवू नका. पांढरा शार्क बऱ्याचदा खालून किंवा मागून, न दिसता येतो. आपण त्याला पाहिलंय हे कळलेला शार्क पुष्कळदा निघून जातो. फडफड न करता, एका लयीत मागे मागे किनाऱ्याकडे सरका. हातात सर्फबोर्ड असेल तर तो मध्ये धरा. मेल्याचं सोंग घेऊ नका. अंगावरच आला तर डोळे आणि कल्ले, तिथे जमेल तितक्या जोरात मारा.

तो येतो तरी का? सिडनीच्या मॅक्वारी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये तरुण पांढऱ्या शार्कच्या नजरेचा हिशेब मांडला. खालून वर पाहताना त्याला सील आणि हातपाय मारणारा माणूस यांत फरक करता येत नाही, असं त्यात दिसलं. बरेच चावे एकदाच घेऊन सोडून दिलेले असतात, ते बहुधा यामुळेच. पण एवढ्या मोठ्या जबड्याची एक चूकही जीव घेते. फेब्रुवारी २०२२ मध्ये 'लिटल बे' इथे एक पोहणारा गेला, सिडनीतला १९६३ नंतरचा पहिला. सप्टेंबर २०२५ मध्ये लाँग रीफजवळ एक सर्फर गेला.

७. चावा बसलाच तर: रक्त थांबवणं

हा भाग दोनदा वाचा. शार्कच्या चाव्याने माणूस मरतो तो बहुतेक वेळा रक्त वाहून, आणि मिनिटांत.

जखमीला लाटांबाहेर घ्या, पण गाडीपर्यंत नेत बसू नका. वाळूवरच आडवं झोपवा. एकाने ००० ला फोन लावायचा, मोबाइलवरून ११२ सुद्धा लागतो. दुसऱ्याने जखमेवर टॉवेल, शर्ट, जे मिळेल ते घट्ट दाबून धरायचं. उचलून बघायचं नाही.

पायाला चावा असेल आणि रक्त थांबत नसेल तर: कमरेचं पुढचं टोकदार हाड आणि गुप्तांग यांच्या बरोबर मध्ये, जांघेत, मुठी ठेवा. कोपर ताठ करा आणि सगळं वजन टाकून दाबा. पायाकडे जाणारी मोठी धमनी तिथे हाडावर दाबली जाते. ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनीच सर्फरना शिकवलेली ही युक्ती आहे, आणि तिला काही साहित्य लागत नाही. टूर्निके (रक्त थांबवायला हातापायाला आवळायचा पट्टा) मिळाला तर जखमेच्या वर, हृदयाच्या बाजूला, करकचून आवळा आणि बांधल्याची वेळ लक्षात ठेवा. सर्फबोर्डची दोरीही चालते. बांधला की मदत येईपर्यंत सोडायचा नाही. अंगावर कोरडं पांघरूण घाला.

काय विकत घ्यावं?

चुंबकाची मनगटपट्टी घेऊ नका. २०१८ मध्ये फ्लिंडर्स विद्यापीठाने पाच साधनं पांढऱ्या शार्कसमोर तपासली. त्यांत सर्फबोर्डला लावायच्या एका विजेच्या यंत्राने आमिष खाल्लं जाण्याचं प्रमाण ९६ टक्क्यांवरून ४० वर आणलं, बाकीच्यांचा फारसा उपयोग दिसला नाही. चाळीस टक्के म्हणजे काही कवच नव्हे. कधीमधी पोहणाऱ्याने ते पैसे पोहण्याच्या शिकवणीला लावावेत.

पाहुण्यांसाठी माझा स्वतःचा उपाय याहून सोपा आहे. इथे कितीतरी बीचच्या टोकाला खडकात बांधलेले समुद्राच्या पाण्याचे पूल आहेत. ब्राँटीला आहे, मॅनलीजवळ फेअरी बावरला आहे. लाट भिंतीवरून आत येते, ओढ येत नाही. बाबांना फेअरी बावरचा पूल इतका आवडलाय की आता ते दुसरीकडे जातच नाहीत. २०१७ साली मॅनलीला वाळूवर अडकलेलं पांढऱ्या शार्कचं एक पिल्लू मत्स्यालयवाल्यांनी त्याच पूलमध्ये काही वेळ आसऱ्याला ठेवलं होतं, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.