अंगावर पिणाऱ्या बाळाला दुधाची ॲलर्जी आहे का, हे आईच्या ताटातून कसं शोधावं

पिवळ्या शीमध्ये केशराच्या काडीएवढी लाल रेघ आणि भोवती शेंबडासारखी चिकट आव. माझा थोरला सहा आठवड्यांचा होता तेव्हा लंगोटावर ती पहिल्यांदा दिसली. संध्याकाळपर्यंत घरात सल्ल्यांचा ढीग पडला: अंगावरचं तोडा, डब्याचं पावडरचं दूध लावा, शेळीचं दूध द्या, बाळंतिणीचं तिखट बंद करा. त्यातला एकही कामाचा नव्हता. पुढे स्तनपान सल्लागार म्हणून कोल्हापुरातल्या आणि आसपासच्या गावांतल्या कितीतरी जणींबरोबर मी हीच वाट चालले, आणि तेच सल्ले आजही तसेच कानावर येतात. म्हणून हे सगळं एकदा नीट लिहिते आहे.

आधी डॉक्टर. शीमध्ये रक्त म्हणजे ॲलर्जीच असं नाही. गुदद्वाराला चीर असू शकते, जंतुसंसर्ग असू शकतो, आईच्या स्तनाग्राला भेग पडली असेल तर तिथलं रक्तही बाळाच्या पोटात जातं. बालरोगतज्ज्ञांना दाखवा, वजन करून घ्या, लंगोटाचा फोटो सोबत न्या. मात्र ओठ-डोळे सुजले, अंगावर गांधी उठल्या, श्वासाला घरघर लागली, बाळ एकसारखं ओकून मलूल पडलं, किंवा पाय पोटाशी घेऊन कळवळून रडतंय आणि जेलीसारखी लाल शी होतेय, तर पुढचं वाचत बसू नका. १०८ ला फोन करा आणि दवाखाना गाठा. अशा बाळांवर घरी कसलाही प्रयोग करायचा नाही.

नुसती हिरवी शी, दिवसातून आठ-दहा वेळा शी, थोडं दूध उलटणं, संध्याकाळचं रडं, आणि वजन मात्र छान वाढतंय, तर बहुधा ॲलर्जी नाही. त्यासाठी आईला उपाशी ठेवू नका.

बाळाच्या तोंडात दुसरं काही जात नाही ना, ते पाहा. बाळगुटी, मधाचं बोट, 'सवय लागावी' म्हणून चमचाभर वरचं दूध. हे सगळं आजच बंद. मध तर वर्षाच्या आत अजिबात नको.

आता आईच्या ताटातलं दूध दोन ते चार आठवडे बंद. सगळं फसतं ते इथेच.

पहिल्यांदा एक गोंधळ निस्तरायला हवा. 'बाळाला लॅक्टोज पचत नाही, म्हणून आईनं दूध सोडावं' असं सर्रास सांगतात. लॅक्टोज ही दुधातली साखर. ती आईच्या दुधात असतेच, आई दूध पिवो न पिवो, तिचं प्रमाण बदलत नाही. जन्मापासून लॅक्टोज न पचणारं बाळ अतिशय विरळा. इथे त्रास देतात ती जनावराच्या दुधातली प्रथिनं. आईनं खाल्लेल्या दह्यादुधातून ती अगदी थोडी तिच्या दुधात उतरतात आणि एखाद्या बाळाच्या आतड्याला तेवढीही पुरतात. म्हणून 'लॅक्टोज-फ्री' दूध चालत नाही, 'ए-टू' म्हणून विकलं जाणारं गायीचं दूध चालत नाही, म्हशीचं नाही आणि शेळीचंही नाही. त्यांची प्रथिनं एकमेकांच्या इतकी जवळची आहेत की बहुतेक बाळांचं शरीर त्यांत फरक करत नाही. कोल्हापुरात गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर डोळ्यांदेखत काढलेलं धारोष्ण दूध कितीही शुद्ध असलं, तरी प्रथिनं तीच.

मी चहा सोडला, दही सोडलं, ताक सोडलं. तीन आठवडे झाले, रेघ तशीच. मग एका सकाळी डिंकाचा लाडू फोडताना त्यात तपकिरी कण दिसले. बेरी! लोणी कढवून तूप गाळल्यावर तळाशी उरते ती बेरी आमच्याकडे वाया घालवत नाहीत, ती लाडवात जाते. बेरी म्हणजे दुधाची प्रथिनंच, भाजलेली. मी रोज दोन लाडू खात होते. तूप वेगळंच, भाताला आणि भाकरीला. सासूबाई म्हणाल्या, "तूप म्हंजे काय दूध हाय व्हय?" त्यांचं चुकलं असं कसं म्हणू, मलाही तोवर तसंच वाटत होतं. पण घरच्या तुपात प्रथिनांचा अंश राहतोच, आणि या दोन-चार आठवड्यांत तोही नको.

त्यामुळे माझा नियम पक्का आहे: बंद म्हणजे पूर्ण बंद. दूध, दही, ताक, लोणी, तूप, पनीर, खवा, श्रीखंड, बासुंदी. अळिवाची खीर नारळाच्या दुधात करा. शतावरी कल्प दुधातून घ्यायचा असेल तर थांबवा. लाडू तेलात करून घ्या, चव वेगळी लागते, पण लागू दे. बिस्किटं आणि मिसळीबरोबरचा स्लाइस पाव पाकीट वाचल्याशिवाय नको. मिल्क सॉलिड्स, व्हे, केसीन ही दुधाचीच नावं, यांपैकी काहीही लिहिलेलं असलं तर परत ठेवा. घरचा पांढरा रस्सा नारळाच्या दुधातला असेल तर खुशाल ओरपा, बाहेरच्या रश्श्यात काय घातलंय ते विचारून घ्या. तांबड्या रश्श्याचा आणि या रेघेचा काही संबंध नाही.

दुसरा नियम: एका वेळी एकच गोष्ट. दूध, अंडी, गहू, शेंगदाणे, डाळ सगळं एका दिवशी तोडणाऱ्या बाळंतिणी माझ्याकडे येतात तेव्हा गालफडं बसलेली असतात, आणि नेमकं कशानं बरं वाटलं ते कुणालाच सांगता येत नाही. दुधाऐवजी सोया दूधही सुरू करू नका, काही बाळांना त्याचाही त्रास होतो.

अंगावर पाजणं मात्र चालूच ठेवा. बाजारातला साधा डबा गायीच्या दुधाचाच असतो. जे आईच्या दुधातून थेंबभर जात होतं, ते तुम्ही बाटलीभर द्याल. वेगळ्या प्रकारचा डबा लागलाच, तर तो डॉक्टर ठरवतील.

कॅल्शियम. पाजणाऱ्या आईला दिवसाला १२०० मिलिग्रॅम लागतं. १०० ग्रॅम नाचणीतून साधारण ३५० मिळतं, शिवाय तीळ आणि शेवग्याचा पाला आहे, आणि सरकारी दवाखान्यातून मिळालेल्या कॅल्शियमच्या गोळ्या चुकवू नका.

वही. तारीख, बाळाची शी कशी, आई काय जेवली. तीन रकाने, बास. रक्त काही बाळांत तीन-चार दिवसांत कमी होतं, काहींना दोन आठवडे लागतात. कमीत कमी दोन आणि जास्तीत जास्त चार आठवडे थांबा. चार आठवड्यांत काहीच फरक नसेल तर दूध पुन्हा सुरू करा आणि डॉक्टरांकडे परत जा. रक्ताची तपासणी करून घ्यावी का, असं सगळ्याच विचारतात. या प्रकारची ॲलर्जी रक्ताच्या तपासणीत सहसा दिसत नाही, ते पैसे वाचवा.

फरक पडला? तर दूध परत प्या. इथे आया माझ्यावर रागावतात. बाळ बरं झालंय, आता कशाला उकरून काढायचं? कारण अशी रेघ पुष्कळ बाळांत आपोआपही थांबते. दूध परत घेऊन पाहिलं नाही, तर ते दुधामुळे होतं की नव्हतं हे कळतच नाही, आणि बाई उगीच वर्षभर कोरडा भात खात बसते. डॉक्टरांना विचारून रोज एक कप दूध आठवडाभर घ्या. बाळाला काही झालं नाही तर दूध, तूप, लाडू सगळं मोकळं. रेघ परत आली तर ॲलर्जी नक्की, दूध पुन्हा बंद. पाचव्या दिवशी माझ्या थोरल्याच्या लंगोटावर ती परत आली. मला रडू आलं, पण त्या दिवसानंतर घरात कुणी वाद घातला नाही. सासूबाईंनी स्वतः करडईच्या तेलात लाडू वळले.

ॲलर्जी नक्की झाली तर पथ्य साधारण सहा महिने, किंवा बाळ नऊ महिने ते वर्षाचं होईपर्यंत. सहा महिन्यांनी वरचं अन्न सुरू करताना अंडं आणि बारीक कुटलेले शेंगदाणे लांबणीवर टाकू नका, फक्त दूध बाजूला ठेवा. मग डॉक्टरांच्या सल्ल्यानं आधी भाजलेल्या पदार्थातलं दूध, म्हणजे बिस्किटाचा तुकडा, नंतर दही, आणि सगळ्यात शेवटी कपातलं दूध. माझ्या थोरल्यानं अकराव्या महिन्यात बिस्किट खाल्लं, चौदाव्यात दही.