लेदूची वास्तुकला कशी अभ्यासावी

क्लोद-निकोला लेदू (१७३६–१८०६) या फ्रेंच वास्तुकाराचा अभ्यास त्याच्या कल्पनाचित्रांपासून सुरू करण्याचा मोह होतो. तो आवरावा आणि आधी आर्क-ए-सेनाँ येथील शाही मिठाच्या कारखान्याचा (१७७५–१७७९) आराखडा समोर घ्यावा. खारे पाणी सालँ या गावाहून नळांनी इथे आणले जाई, कारण ते उकळायला लागणारे लाकूड कारखान्याजवळच्या ‘शो’ नावाच्या जंगलात होते. म्हणजे जागा कलेने नव्हे, इंधनाने ठरवली. मग या अर्धवर्तुळाकार आराखड्यात व्यासावर मधोमध असलेले संचालकाचे घर आणि वक्र बाजूवरची कामगारांची घरे पाहावीत, म्हणजे देखरेख आणि मांडणी यांचे नाते उलगडते. संचालकाच्या घराच्या खांबांवर चौकोनी व गोल दगड आलटूनपालटून रचले आहेत. तिथे जरा थांबावे, अभिजात शैली इतकी दणकट क्वचितच दिसते.

त्यानंतर लेदूने रचलेल्या पॅरिसच्या जकातनाक्यांकडे वळावे. जनतेचा रोष ओढवलेल्या या नाक्यांपैकी व्हिलेत येथील गोल इमारत आजही उभी आहे. क्रांतिकाळात लेदूला तुरुंगवास घडला. स्वतःच्या वास्तुरचनांवरचा १८०४चा त्याचा ग्रंथ मात्र शेवटीच उघडावा, कारण त्यात त्याने जुन्या इमारतीही फेरफार करून छापल्या आहेत.